उरलेली भाकर

शनिवारी सकाळी सरूबाई गव्हाचा डबा घेऊन इलियासभाईच्या गिरणीवर गेली, तेव्हा गिरणीत ज्वारी चालू होती. एरवी ती डबा रांगेत ठेवून घरी परतली असती. आज मात्र ती तिथंच उभी राहिली.

"भाई, ज्वारीचं पीठ आधी झाडून घ्या बरं. उद्या आमच्या चर्चची भाकर करायचीय. देवाच्या मेजावरची."

"हौ हौ, पैले चक्की पोछ लेतूं," इलियासभाई म्हणाला. त्यानं खरोखरच फडकं घेऊन गिरणीचं तोंड पुसलं, आणि पीठ गरम आहे, घरी गेल्यावर झाकण उघडं ठेवा, असंही बजावलं.

सरूबाईला त्या दिवशी बरं वाटत होतं. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की त्याआधी वर्षभर तिला काहीच वाटत नव्हतं. नवरा गोकुळ छातीच्या दुखण्यानं गेला आणि ती लाकडासारखी झाली. चिकलठाण्यातल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची, घरी यायची, मुलगी विशाखा वाढेल ते खायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. रडली असती तर विशाखाला हायसं वाटलं असतं, पण ती रडतही नव्हती. मग एक दिवस चर्चचे पाळक राजकुमार घरी आले आणि म्हणाले, "या खेपेला प्रभुभोजनाची भाकर तुमच्या घरची, सरूबाई." ते गेल्यावर तिनं कितीतरी दिवसांनी आपणहून मुलीला काही विचारलं. "मीठ घालत्यात का गं त्यात?"

प्रभुभोजन म्हणजे काय, हे सगळ्याच वाचकांना ठाऊक असेल असं नाही. ख्रिस्ती मंडळीत उपासनेच्या शेवटी पाळक एक भाकर मोडतात आणि तिचा तुकडा प्रत्येकाच्या हातावर ठेवतात. आपण पुष्कळ जण असलो तरी एकाच भाकरीचे वाटेकरी आहोत, म्हणून आपण एक, असा त्याचा सरळ अर्थ. सरूबाईच्या चर्चचं नाव 'आशा मंडळी'; तिथं वर्षानुवर्षं बेकरीतला पाव आणून त्याचे तुकडे करत. पाळक राजकुमार यंदाच अहिल्यानगरकडून बदलून आले होते, वयानं तरुण होते आणि त्यांना तो पाव पटेना. भाकर घरची हवी, बिनखमिराची हवी आणि पाळीपाळीनं प्रत्येक घरातून यायला हवी, असं त्यांनी कमिटीत मांडलं. कमिटीनं माना डोलावल्या. पहिली पाळी मंडळीचे ज्येष्ठ वडील, म्हणजे कारभारी, अप्पाराव यांच्या घरची लागली, दुसरी त्यांच्या व्याह्यांची, आणि तिसरी सरूबाईची.

पाळकसाहेबांना एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. आशा मंडळीत जुनी घरं आणि नवी घरं असे दोन भाग आहेत. हे कोणी बोलत नाही आणि कोणी विसरतही नाही. जुन्या घरांचे पणजोबा गोऱ्या मिशनऱ्यांच्या काळात ख्रिस्ती झाले. त्यांची मुलं शिकली, मास्तर झाली, दवाखान्यात नोकरीला लागली. नवी घरं करमाडच्या मातंग वस्तीतून अलीकडं आली. गंमत अशी, की जुन्या घरांचे पणजोबाही गावकुसाबाहेरचेच होते. त्यांनाही गावानं पाणवठ्यावर पाय ठेवू दिला नव्हता. पण माणूस एक पायरी वर चढला की खालच्या पायरीवर कोण उभं आहे ते बघायची त्याला खोड लागते. नव्या घरांना मंडळीत बसायला बाक आहे, गायला गीत आहे, सणाच्या दिवशी सतरंज्या उचलायचं काम आहे. फक्त त्यांच्या हातचं कोणी खात नाही. नाताळात त्यांच्या करंज्यांचं ताट हसून घेतलं जातं, आशीर्वाद दिला जातो आणि ताट मागच्या दारानं भलतीकडं जातं.

सरूबाईला हे माहीत होतं का? होतंही आणि नव्हतंही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची ज्यांना पिढ्यानपिढ्या सवय लागलेली असते, ते बुक्क्यांकडं फारसं लक्ष देत नाहीत. शिवाय तिला वाटायचं, ताटाचं काय एवढं, माणसं खाऊनपिऊन सुखी आहेत, नसेल लागत त्यांना करंजी. देवाच्या मेजाची गोष्ट वेगळी. तिथं भाकर देवाची असते, तिला घर नसतं, असं ती धरून चालली होती.

रविवारी ती पहाटेच उठली. तवा राखेनं घासला, कणीक मळली, जाडसर भाकर लाटून मंद आचेवर भाजली आणि नव्या पांढऱ्या रुमालात गुंडाळली. विशाखा चहा गाळत म्हणाली, "माय, आज तू हसाय लागलीस." त्यावर सरूबाईनं तिला लवकर आवरायला सांगितलं.

उपासना नेहमीसारखी चालली. पाळकसाहेबांचा उपदेश सुवार्तेवर होता. पुढच्या रविवारी मंडळी करमाडला सभा घ्यायला जाणार होती, म्हणून जगात जाऊन प्रत्येकाला प्रेमाची वार्ता सांगणं हेच मंडळीचं खरं काम, असं ते पोटतिडकीनं सांगत होते. उपदेश संपल्यावर त्यांनी मेजावरचा रुमाल उचलला आणि अगदी आनंदानं म्हणाले, "आजची भाकर आपल्या भगिनी सरूबाई यांनी आपल्या हातानं केलेली आहे. त्यांच्यासाठी आपण देवाचे आभार मानू या."

मग रीतीप्रमाणे त्यांनी आत्मपरीक्षणाचं आवाहन केलं. ज्याच्या मनात कुणाविषयी आकस आहे, ज्याच्या पदरी कबूल न केलेलं पाप आहे, त्यानं मेजाजवळ येण्याआधी स्वतःला तपासावं. अशा वेळी ज्याचं मन तयार नसतं, तो जागेवरच मान खाली घालून बसतो. त्याला कोणी कारण विचारत नाही. ही जुनी आणि चांगली रीत आहे.

पाळकसाहेब भाकर हातात घेऊन उभे राहिले. अप्पारावांनी मान खाली घातली. त्यांच्या पत्नीनं डोळे मिटले. त्यांच्या व्याह्यांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या बाकावरच्या मास्तरीणबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि त्या पुटपुटू लागल्या. बाकामागून बाक खाली वाकत गेला. मागून चार नवी घरं तेवढी पुढं आली आणि सरूबाई विशाखाचा हात धरून त्यांच्यात उभी राहिली. बाकी सगळी मंडळी एकाएकी पापी झाली होती.

आणि पाळकसाहेबांना काय वाटलं असेल? त्यांना वाटलं, आपला उपदेश लागू पडला! एवढ्या लोकांना एकदम पश्चात्ताप झालेला त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.  भरल्या डोळ्यांनी त्यांनी सरूबाईच्या हातावर तुकडा ठेवला, आणि उरलेल्या मंडळीसाठी इतकी लांबलचक प्रार्थना केली की मान वाकवून बसलेल्यांच्या माना दुखल्या असतील.

उपासना सुटली. मेजावर जवळजवळ सगळी भाकर शिल्लक होती. आशीर्वादित भाकर टाकायची नाही, दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायची नाही, उरेल तेवढी पाळकानं तिथल्या तिथं खाऊन संपवायची, असा नियम आहे. वेदीमागच्या लहान खोलीत पाळकसाहेब स्टुलावर बसले आणि कोरडी भाकर खाऊ लागले. सरूबाई आपला रुमाल न्यायला दारात आली. तिच्यामागं विशाखा होती.

"सरूबाई, आज मोठं काम झालं," पाळकसाहेब घास चावत म्हणाले. "मंडळीत एवढा पश्चात्ताप!"

 उत्तर दिलं ते विशाखानं.

"पाळकसाहेब, पश्चात्ताप बिश्चात्ताप कुनाला झाला नाय. भाकर आमची व्हती. मागल्या दोन्ही खेपेला एकजन तरी बसून राह्यलं व्हतं का?"

"विशाखा, गप," सरूबाई म्हणाली.

"कामून गप? कंपनीत तुझ्या पोळ्या अख्खी शिफ्ट खाती. अप्पारावांचा पोरगा राजू तर चार-चार घेतो. तिथं नाव नसतं ना लिहिलेलं पोळीवर!"

पाळकसाहेबांचा घास तोंडातच राहिला. प्रभुभोजनाच्या मागच्या दोन्ही खेपा त्यांनी आठवून पाहिल्या. मग कोरडा घास घशाशी अडकला आणि त्यांना ठसका लागला. सरूबाईनं कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून त्यांच्या हातात दिला. ते पाणी प्यायले आणि पुन्हा खाऊ लागले. संपवायचीच होती. विशाखा संतापून बाहेर निघून गेली, पण सरूबाई उभी राहिली. आपण केलेली भाकर एक माणूस मान खाली घालून एकट्यानं गिळतो आहे, हे ती बघत होती आणि तिला दुःखही होत नव्हतं. छातीत नुसती थंड जागा होती. गोकुळला मातीत ठेवलं त्या दिवशीही तिथं असंच होतं. भाकर संपल्यावर तिनं रुमाल झटकला, घडी केली आणि घरी गेली.

त्याच आठवड्यात अप्पाराव पाळकसाहेबांकडं गेले. अप्पाराव वाईट माणूस नाही, हे मला सांगायलाच हवं. कुणाच्या घरी मौत झाली तर पहिले तेच धावतात. गोकुळच्या खड्ड्यासाठी मजूर त्यांनीच मिळवून दिले होते. वाईट माणसाशी भांडता येतं. अप्पारावांसारख्या भल्या माणसाशी कसं भांडायचं, हे आपल्याकडं कोणी शिकवत नाही, आणि म्हणूनच ही रूढी इतकी सुखानं जगते.

"घरोघरच्या भाकरीचं राहू द्या, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "आरोग्याचा प्रश्न येतो. प्रभुभोजनासाठी पाकीटबंद वेफर मिळतात आता, पातळ चकत्या, स्वच्छ असतात. अजून कशाची वाच्यता झालेली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आरोग्याचा प्रश्न तुमच्या घरच्या भाकरीला नव्हता," पाळकसाहेब म्हणाले.

"तुम्ही नवे आहात. मंडळी फुटली तर बिशपसाहेब तुम्हाला विचारतील, मला नाही."

पाळकसाहेबांनी उत्तर द्यायला हवं होतं. ते म्हणाले, "बघू." या एका शब्दावर आपल्या देशातल्या कितीतरी सुधारणा आजवर निजून राहिल्या आहेत.

तिथून अप्पाराव सरूबाईच्या घरी गेले. दरवर्षी करमाडच्या सभेत सरूबाईची साक्ष ठरलेली असायची. ती त्या वस्तीची लेक. प्रभूनं मला जवळ केलं, मंडळीनं मला आपलं म्हटलं, असं तिनं आपल्याच माणसांपुढं उभं राहून सांगितलं की लोक ऐकत. अप्पाराव दारातच उभे राहिले. विशाखानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"नको गं बाळा, आत्ताच घेतलं."

सरूबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. गोकुळ असताना ते किती वेळा या दारात आले होते, आणि दर खेपेला त्यांनी आत्ताच घेतलेलं असायचं. इतक्या वर्षांत हा माणूस तिच्या दारात कधी तहानलेलाच आला नव्हता.

"मग रविवारी येताय ना साक्ष द्यायला?" अप्पारावांनी विचारलं.

"येते," सरूबाई म्हणाली.

ते गेल्यावर विशाखा उसळली. "कशाला व्हय म्हनलीस? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्यांची टिमकी तू कामून वाजवायची?"

"पारूला भेटायचंय," एवढंच सरूबाई म्हणाली आणि पीठ चाळायला बसली.

पारूबाई ही तिची धाकटी बहीण. करमाडच्या वस्तीतच दिलेली. घरादारासह मंडळीत यावं, असं तिच्या मनात बरेच दिवस घोळत होतं. या खेपेच्या सभेला ती पक्कं काय ते ठरवणार होती आणि तिच्यामागून आणखी दोन-तीन घरं यायला तयार होती. म्हणून तर अप्पाराव स्वतः निघाले होते.

रविवारी दुपारी समाजमंदिरापुढं सतरंजी पडली आणि स्पीकर लागला. मंडळीची माणसं जीपमधून आली. येताना त्यांनी पाण्याच्या बाटल्या आणि जेवणाचे डबे बरोबर आणले होते, कारण वस्तीला त्रास नको. गीतं झाली. पाळक राजकुमार बोलायला उभे राहिले, पण त्यांचं बोलणं लवकर आटोपलं. गेले काही दिवस त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शेवटी अप्पारावांनी माईक घेऊन सांगितलं, "आता तुमचीच लेक, आमची भगिनी सरूबाई, तिच्या तोंडून ऐका."

सरूबाईनं माईक हातात घेतला. समोर तिची माणसं बसली होती. तिनं नेहमीची सुरुवात केली, "म्या ह्याच वस्तीतली," आणि तिथंच थांबली. पुढचं तिला पाठ होतं. तोंडातून ते बाहेर येईना.

तेवढ्यात पुढं बसलेली पारूबाई म्हणाली, "अक्का, येक इचारू का?"

"इचार."

"तिथं तुझ्या हातचं खात्यात का गं?"

वस्तीतल्या बायकांनी माना वर केल्या. देव किती मोठा, स्वर्ग कुठं, यातलं काही त्यांना विचारायचं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी ज्या मापानं माणसं मोजली, तेच माप पारूबाईनं पुढं केलं होतं. अप्पाराव खाकरले. "पारूबाई, प्रश्नोत्तरं आपण प्रार्थनेनंतर..."

"नाय," सरूबाई म्हणाली.

स्पीकर चालू होता. तो शब्द सगळ्या वस्तीवर गेला.

"नाय खात. देवानं जवळ केलं, ते खोटं नाय. गोकुळ गेला तवा मला दुसऱ्या कुनी धरलं नाय, त्यानंच धरलं. पन मागल्या रविवारी माझी भाकर त्याच्या मेजावर व्हती आन् मंडळीतलं येक मानूस उठलं नाय. आपल्या चार घरांनी खाल्ली. उरलेली पाळकसाहेबांनी येकट्यानं खाल्ली. मी बघत व्हते." तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारातून काय आणलं ते सांगावं, तशी ती सांगत होती. "इतकी सालं मी हितं येऊन तुमाला सांगितलं, मला आपलं म्हनत्यात. मला तसंच वाटत व्हतं."

अप्पाराव उभे राहिले. "सरूबाई, तुमचा गैरसमज झालाय. त्या दिवशी आमची मनं तयार नव्हती. आकस असला मनात तर मेजापाशी येऊ नये, असं शास्त्रच आहे."

"अप्पा," सरूबाई त्यांच्याकडं वळली, "तुमच्या मनात कुनाचा आकस व्हता?"

 खोटं बोलायची अप्पारावांना सवय नव्हती, आणि खरं बोलायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती. ते खाली बसले.

मग पाळक राजकुमार उठले. त्यांनी सरूबाईच्या हातातून माईक घेतला.

"सभा इथंच संपली," ते म्हणाले. "मला क्षमा करा. जे आमच्या घरात नाही, ते तुमच्या दारात द्यायला आम्ही आलो होतो. आजपासून माझ्या मंडळीत दर रविवारी प्रभुभोजन होईल आणि भाकर सरूबाईंच्या हातचीच असेल. वेफरचं पाकीट उघडलं जाणार नाही. मंडळी ती भाकर खाईपर्यंत मी कुणाच्याही वस्तीत सुवार्ता घेऊन जाणार नाही. अप्पाराव, बिशपसाहेबांना आजच कळवा. बदली झाली तर होऊ द्या. जाईपर्यंत मी हेच करणार."

टाळ्या वाजल्या नाहीत, कोणी रडलं नाही. मुलं स्पीकरची वायर गुंडाळायला लागली. जुन्या घरांची माणसं आपले डबे न उघडताच जीपकडं निघाली. अप्पाराव जीपच्या दाराला धरून बराच वेळ उभे होते. आत बसावं की परत यावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं, असं वाटलं. शेवटी ते आत बसले.

वाचकहो, तुम्ही ख्रिस्ती नसाल तर ही कहाणी दुसऱ्यांच्या घरातली समजून पान उलटू नका. तुमच्याकडं धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईनं दुपारी आपला डबा उघडून "घ्या ना ताई" म्हटलं, तर तुमचं पोट नेमकं त्याच वेळी भरलेलं का असतं, हे एकदा स्वतःला विचारा. देव ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. भूक सगळ्यांना सारखीच लागते.

सतरंजीवर आता दोघी बहिणी राहिल्या होत्या. पारूबाईनं घरातून चहा आणला. सरूबाई प्यायली. पाळक राजकुमार जीपमध्ये न बसता मागं थांबले होते. त्यांनीही तिथंच बसून चहा घेतला.

"अक्का," पारूबाई हळूच म्हणाली, "मग म्या यावं का नाय?"

सरूबाईनं कप खाली ठेवला. छातीतली ती थंड जागा अजून तशीच होती. पण आता तिला ती कळत होती, पायाला आलेल्या मुंग्या कळाव्यात तशी.

"बाप्तिस्म्याचं नंतर बघू," ती म्हणाली. "तू येत्या रविवारी नुसती ये. भाकर मी करून आनते. तू माझ्याजवळ बस आन् बघ, कोन उठतंय."